राहिलेल्या कामाचा रकाना

गौरी घरात आल्याची रात्र होती. गणपतीत आमच्या सिंधुदुर्गात घराघरांत चाकरमानी उतरतात, गावं भरून जातात, आणि नेमकी त्याच आठवड्यात आम्हा सिस्टरांनाही रजा हवी असते. का नको? आमच्याही घरी गणपती असतो, सुनांचा ओवसा असतो. त्या वर्षी माझी रजा बसली नाही. मी नाईटला होते.

रात्री आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेतली तेव्हा स्त्री वॉर्डात ३१ आणि शेजारच्या पुरुष वॉर्डात १६ पेशंट होते. खाटा संपल्या होत्या, पाच जणी जमिनीवर गादी टाकून. दोन वॉर्ड, ४७ माणसं, सिस्टर मी एकटी आणि सोबत एक मावशी.

निम्म्या बायका तापाच्या. शेतात पाणी असतं, पायाला चिरा पडलेल्या असतात, आणि उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं ते पाणी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, घेऊन येतं. लेप्टोत ताप उतरला म्हणून निश्चिंत व्हायचं नसतं. मूत्रपिंडं बसायला लागली की लघवी कमी होते, आणि ते मापात दिसतं. म्हणून २२ नंबरच्या बाईला कॅथेटर घातला होता आणि डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, लघवी दर तासाला मोजा.

अकरा वाजता मोजली. ४० मिली.

थोड्याच वेळात १०८ ची रुग्णवाहिका आली. तिशीतली बाई, संध्याकाळी परसातल्या लाकडांच्या राशीत हात घातला आणि फुरसं चावलं. मनगटापासून कोपरापर्यंत सूज, हिरड्यांतून रक्त. सर्पदंशात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. डॉक्टरांनी प्रतिविषाच्या १० व्हायल लिहिल्या आणि त्यांना परत कॅज्युअल्टीत जावं लागलं, तिथे अपघाताचे दोघे आले होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजेक्शन म्हणजे सुई टोचली की झालं. प्रतिविष पावडरीच्या रूपात येतं. प्रत्येक व्हायलमध्ये पाणी घालून ती हलक्या हातानं फिरवत विरघळवायची, जोरात हलवली तर फेस होतो. अशा दहा. मग सलाइनमधून सोडायचं आणि पेशंटजवळून हलायचं नाही, कारण रिअॅक्शन आली तर बहुधा पहिल्या तासाभरातच येते. तशीच ती आली. मानेवर गांधी उठल्या, दात वाजायला लागले, बीपी ८० वर. सलाइन बंद केलं, मांडीत अॅड्रिनलिन दिलं, मावशीला डॉक्टरांकडे पळवलं. बीपी वर आल्यावर प्रतिविष पुन्हा सुरू केलं, या वेळी अगदी सावकाश. ११.४० ते ३.१० मी त्या पडद्याच्या आत होते.

बाहेर आले आणि २२ नंबरकडे गेले. चार तासांत पिशवीत जेमतेम ३० मिली. श्वास मिनिटाला ३४. नवरा पायथ्याशी बसला होता. तो म्हणाला, "सिस्टर, मी दोनदा येवन गेलंय. तुमी थंय पडद्यापाठी होतास, म्हणान बोललंय नाय."

मला अडवायला नको म्हणून तो माणूस परत गेला होता. ते वाक्य अजून कानात आहे.

डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, आणि उजाडायच्या आत ती बाई गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला डायलिसिससाठी रवाना झाली. इथल्या माणसाला बांबोळी म्हणजे काय ते सांगायला नको, राज्याची हद्द ओलांडून जायचं. फुरसं चावलेल्या बाईच्या नळीतलं रक्त पहाटे गोठलं.

सकाळी रिपोर्ट बुक पुढ्यात घेतलं. २२ नंबरच्या चार्टवर १२, १, २, ३ हे रकाने रिकामे होते. खरं लिहिते, अशा वेळी ते रकाने भरले जातात. आधीचा आकडा बघून अंदाजानं. मीही भरले आहेत. रिकामा रकाना म्हणजे सिस्टरचा हलगर्जीपणा, हेच आम्हाला शिकाऊ असल्यापासून ऐकवलेलं. त्या सकाळी मात्र हात वळेना. मी लिहिलं: "११.४० ते ३.१० या वेळेत बेड २२ ची लघवी मोजली नाही, श्वसन पाहिले नाही. कारण, सर्पदंशाच्या रुग्णास प्रतिविषाची रिअॅक्शन. दोन वॉर्डांत ४७ रुग्ण, अधिपरिचारिका १."

आमच्या इनचार्ज बाईंनी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, "बाई, चौकशी लागेल का हो?" त्या म्हणाल्या, "लागली तर लागू दे. खोडू नकोस. खाली माझी सही घे."

पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही १४ जणी एकीच्या क्वार्टरमध्ये जमलो. २०२२ च्या मे महिन्यात कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभर परिचारिकांचा संप झाला तेव्हा आम्हीही बसलो होतो. मागणी रास्त होती. पण बाजारात लोक म्हणत, सिस्टरी पगारासाठी बसल्यात. ते मनाला लागलेलं होतं. या वेळी आधी वॉर्डात काय होतं ते दाखवायचं, असं ठरलं.

आकडेमोड एका ज्युनिअरनं केली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे, वर रजेसाठी ३० टक्के पदं जादा. त्या जादा पदांचं महत्त्व कुणाला पटत नाही. एका वॉर्डात चोवीस तास एक सिस्टर उभी राहायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात, एक जण ६ करते, म्हणजे साडेतीन जणी लागल्या. त्यात आजारपण, बाळंतपण, ट्रेनिंग धरलं की आकडा पाचाकडे सरकतो. कागदावर तीन दिसल्या की साहेबांना वाटतं, प्रत्येक पाळीला एक आहे की.

तिनंच २००२ चा एक अभ्यास वाचून दाखवला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं तपासली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. खोलीत कुणी बोललं नाही. प्रत्येकीला आपापला बेड नंबर आठवत असावा.

मग इनचार्ज बाईंनी सुचवलं की ओव्हरच्या वहीत एक रकाना वाढवायचा, 'राहिलेलं'. झालेलं काम आपण रोज लिहितोच, आता न झालेलंही लिहायचं, कारणासकट. त्यावर बराच वाद झाला. ११ महिन्यांच्या कंत्राटावरच्या मुली घाबरल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. हाच कागद दाखवून नूतनीकरण नाकारलं तर? शेवटी ठरलं की त्यांनी तोंडी सांगायचं आणि सही कायम नोकरीतल्या सिस्टरनं करायची. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत मोठा निर्णय हाच होता. संघटना म्हणजे काय, ते मला सतरा वर्षांच्या नोकरीत तेव्हा कळलं.

रकाना भरू लागला. दोनचं अँटिबायोटिक चारला दिलं. अर्धांगाच्या आजोबांना कूस बदलून दिली नाही. नवीन आईला बाळ पाजायला घेता येत नव्हतं, तिच्याजवळ बसता आलं नाही. जेवणाआधीचं इन्शुलिन जेवणानंतर गेलं. दीड महिन्याची ती वही घेऊन आम्ही सहा जणी वरिष्ठांकडे गेलो. मागण्या तीन: रात्री प्रत्येक वॉर्डाला स्वतंत्र सिस्टर, इंडेंट (औषधं-सामानाची मागणीपत्रं) आणि ऑनलाइन नोंदी कारकुनाकडे, रजेची पदं भरा.

साहेबांनी पानं उलटली. म्हणाले, "हे लिहून तुम्ही स्वतःलाच अडकवताय."

इनचार्ज बाई म्हणाल्या, "अडकलेल्या होतोच, साहेब. आता ते लिहून ठेवलंय."

त्यांनी वही ठेवून घेतली. तिसऱ्या आठवड्यात आदेश निघाला. दुसऱ्या ठिकाणच्या दोन सिस्टर प्रतिनियुक्तीवर आल्या, नोंदींसाठी एक मुलगा मिळाला. रजेच्या पदांबद्दल 'प्रस्ताव पाठवला आहे' एवढंच.

२२ नंबरची बाई तीन आठवड्यांनी तपासणीला आली, नवऱ्याचा हात धरून, चालत. मी त्या दोघांना बाकावर बसवलं आणि त्या रात्री वहीत काय लिहिलं ते सांगितलं. न सांगता राहवलं नसतं. नवरा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिवलास ता बरा केलास."

आता आठवड्याचे सहा दिवस रात्री दोन्ही वॉर्डांत स्वतंत्र सिस्टर असते. रविवारी अजून एकच. त्या पानावर रकाना पुरत नाही, मागच्या बाजूला लिहावं लागतं.