तुम्ही विचारलंत म्हणून: आरडीची डिस्क

माझ्याकडे आरडी आहे, म्हणजे यामाहाची जुनी आरडी ३५० मोटारसायकल, आणि तिला पुढे डिस्क ब्रेक बसवलाय. सिग्नलला उभा राहिलो की शेजारचा आधी टाकीकडे बघतो, मग पुढच्या चाकाकडे, आणि हमखास विचारतो, "आरडीच ना? मग ही डिस्क कुठली?" हिरवा लागायच्या आत सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्कच होती. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये तीच गाडी राजदूत म्हणून इथे आणली, तेव्हा किंमत आवाक्यात राहावी म्हणून पुढेही ड्रम दिला. सात इंची, दोन कॅमचा, म्हणजे आतल्या दोन्ही लायनरना वेगवेगळा दाबणारा. ड्रम टाकाऊ नाही हो. गाडी पुढे जात असते तेव्हा ड्रमला आतून घासणारे हे दोन्ही लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढले जातात आणि आपोआप घट्ट बसतात. उलट्या दिशेला मात्र तो जोर मिळत नाही. आमच्या सदर भागातल्या उड्डाणपुलाच्या चढावर जाम लागला, गाडी मागे सरकायला लागली, की लिव्हर आवळून आवळून बोटं दुखतात ती यामुळेच. शिवाय ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो आणि लिव्हर आत आत जाते. डिस्क तापली तर तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडच्या दिशेनेच फुगते. त्यात आरडी टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननेच गाडी ओढून धरणं, नावापुरतं.

तर, नव्या यामाहाची डिस्क आरडीला बसते का? नुसती डिस्क नाही बसत, गाडीचा पुढचा अख्खा भाग, म्हणजे तोंड, बसवावं लागतं. शॉकअप, त्यांना धरणारी टी, चाक, डिस्क, पॅड दाबणारा कॅलिपर, सगळं एकाच गाडीचं. माझ्या सदरातल्या मिस्त्रींनी आरडीच्या खालच्या टीमधला, हँडल ज्यावर फिरतं तो दांडा प्रेसवर काढला, लेथवर त्याचं माप साधून नव्या टीत बसवला, आणि दांड्याच्या बेअरिंगचा कोन सेट नवा टाकला. चाक अठराचं सतरा झालं. मीटरची केबल लावायला नव्या चाकात जागाच नव्हती, म्हणून हँडलला सायकलचा मीटर आहे. हसा खुशाल.

इथवर सगळं मिस्त्रींचं. चूक माझी.

अपघातात गेलेल्या गाडीचं ते तोंड होतं, त्याचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबली की ब्रेकचं तेल ढकलणारा हँडलवरचा पंप, फुटलेला. मी हौसेने दोन डिस्कवाल्या मोठ्या गाडीचा आणला, दिसायला भारदस्त. बसवला, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, लिव्हर दाबली तर लाकडासारखी कडक. मी खूश! गल्लीत चक्कर मारली, तर गाडी ड्रमपेक्षाही उशिरा थांबली. तीनदा हवा काढली, पॅड घासले, डिस्क पेट्रोलने पुसली. काही फरक नाही.

मिस्त्रींनी मास्टर खालून उलटा करून दाखवला. धातूतच आकडा ओतलेला होता: ५/८, म्हणजे आतल्या पिस्टनचा व्यास इंचात. "भाऊ, हे वाचलं काय तुमी?" त्यांनी डब्यातून दुसरा काढला, त्यावर १/२.

शाळेतला पास्कलचा दाबाचा नियम तेव्हा डोक्यात शिरला. पिस्टन जाड, तर हाताचा तोच जोर जास्त क्षेत्रावर पसरतो आणि तेलातला दाब घटतो. पाच अष्टमांश आणि अर्धा इंच यात फरक तो किती? पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. अर्ध्या इंचात शंभर दाब मिळत असेल, तर या भारदस्त वस्तूत ६४ च. दोन डिस्कला जास्त तेल ढकलावं लागतं, म्हणून तिथे तो जाड लागतो. माझ्याकडे एकच कॅलिपर. लहान बसवल्यावर लिव्हर थोडी आत जायला लागली, आणि गाडी दोन बोटांत थांबायला लागली.

ब्रेक ऑइलबद्दलही विचारता. डॉट ४ दर्जाचं घाला आणि दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना २३० अंशांवर उकळतं, पाणी शिरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं.

मूळ ड्रम आणि शॉकअप ग्रीस लावून माळ्यावर ठेवलेत. विकायचे नाहीत.

आणि टाकीच्या उजव्या बाजूला रुपयाएवढा रंग उडालाय, तो पडल्याचा नाही. मास्टर बदलताना ब्रेक ऑइल सांडलं, आणि ते रंग खातं. मी चिंधी शोधेपर्यंत रंग सुटलाही होता.