आईचं कॅल्शियम वाढलं तेव्हा

आईचे गुडघे दुखायचे. तपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं आणि ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली, आठवड्याला एक, दुधातून. साधारण आठ आठवड्यांनी ती थांबवून पुन्हा रक्त तपासायचं असतं. चिठ्ठीवर मात्र किती आठवडे ते लिहिलेलंच नव्हतं. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर पुड्या मिळत राहिल्या. मधेच तासगावकडच्या एका दवाखान्यात ६ लाख युनिटचं इंजेक्शनही दिलं गेलं. याचा मला आजही राग येतो.

आधी तिचं जेवण तुटलं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि रात्री उठून उठून लघवीला जाणं. शुगर असेल म्हणून तपासली, तर नॉर्मल. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. एका सकाळी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली, तसं तिला थेट मिरजेला नेलं.

तिथले डॉक्टर म्हणाले, “घरातली सगळी औषधं आणा, रिकामी पाकिटंसुद्धा.” मी पिशवी टेबलावर ओतली. पुड्या, कॅल्शियमच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन... एकेक पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचत त्यांनी ड असलेली सगळी बाजूला काढली. तिन्हींत होतं. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात, सत्तरीनंतर ८००. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं! रिपोर्टमध्ये ड १५० च्या वर, कॅल्शियम १४ च्या पुढे. ते साडेदहाच्या आत हवं. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं.

आईनं विचारलं, “जन्मभर रानात उन्हात राबले, त्यानं झालं का हो?”

“नाही आजी. उन्हानं असं होत नाही. उन्हानं जास्तीचं ड बनलं तर कातडी ते स्वतःच मोडून टाकते. औषधातून आलेलं मात्र चरबीत साठून राहतं.” ते आतड्यातून आणि हाडांतूनही कॅल्शियम रक्तात ओढतं आणि त्याचा मार मूत्रपिंडांवर बसतो, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं.

पुड्या-गोळ्या बंद, सलाईन, स्टेरॉइड. दूध-दहीही बंद, दारात म्हैस असलेल्या घरात हे तिला फार जड गेलं. चार दिवसांत ती मला ओळखून बोलू लागली, पण साठलेलं ड उतरायला महिने लागतात. कॅल्शियम आता आटोक्यात आहे. क्रिएटिनिन अजून पूर्ण खाली आलेलं नाही, म्हणून दर महिन्याला रक्त देतो.