भाडेपावतीवर माझं नाव

गिरगावातली आमची खोली १८० चौरस फुटांची, भाडं महिना ९२ रुपये. आई गेल्यावर त्या ९२ रुपयांच्या पावतीवर माझं नाव चढायला अकरा महिने आणि नऊ खेपा लागल्या. मृत्यूचा दाखला, गॅस, विजेचं बिल ही कामं महिन्याभरात उरकली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते सगळं फोर्टातल्या घरमालकाच्या ऑफिसात, एकाच टेबलापाशी.

टेबलामागे मेहताजी. समोर पावतीपुस्तक, मध्ये कार्बन, तोही इतका झिजलेला की खालच्या प्रतीवर अक्षरं कमी आणि वळच जास्त. पहिल्या खेपेला त्यांनी आईची पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, नाव बदलायचं तर मालकांची संमती लागेल. दीड लाख." मी विचारलं, कशाचे? "आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार ना. तुम्हाला काय, फुकटात फ्लॅट."

आता हे जरा नीट सांगतो, कारण मलाही पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमची चाळ १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी), त्यातही सगळ्यात जुन्या इमारतींचा अ वर्ग. भाडं गोठलं तेही त्याच तारखेच्या दरावर. १९४७ च्या भाडे कायद्याने भाड्याला कुलूप घातलं आणि पागडी, म्हणजे खोली देताना भाड्याव्यतिरिक्त रोख रक्कम, घेणं गुन्हा ठरवलं. तरीही १९७१ साली माझ्या वडिलांनी याच खोलीसाठी साडेचार हजार रुपये रोख मोजले. वडील गिरणीत, लाल बावट्याचे, प्रत्येक मोर्चात पुढे. त्यांनीही ते पैसे बिनपावतीचेच दिले. सरकारने दर बांधून दिला आणि बाजाराने उरलेली किंमत टेबलाखालून वसूल केली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्यावर बोट ठेवलं आणि १९९९ चा नवा कायदा आला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे (९२ रुपयांवर ३ रुपये ६८ पैसे, हिशेब करून बघा), आणि हस्तांतराला संमती देण्यासाठी मालकाने रक्कम घेणंही आता कायदेशीर आहे. जे वडिलांच्या वेळी गुन्हा होतं, त्याचा मेहताजींना आता हक्क झालेला.

पण मी खोली विकत नव्हतो. वारसाने राहणं म्हणजे हस्तांतर नव्हे, हे कळायला मला चौथी खेप लागली. १९९९ च्या त्याच कायद्यातलं कलम ७, पोटकलम १५ वाचा. भाडोत्री वारला की त्याच्यासोबत राहणारी घरातली व्यक्ती भाडोत्री ठरते, तशी कोणी नसेल तर वारस. कोण, हे आपसात ठरलं नाही तरच कोर्ट. यात मालकाच्या संमतीचा शब्द नाही. म्हणून सांगतो, आई-वडील खोलीत आणि तुम्ही त्यांच्याजवळ राहत असाल तर रेशनकार्डावरचं नाव डोंबिवलीच्या फ्लॅटवर हलवू नका. माझ्या धाकट्या भावाने हलवलं. माझं राहिलं, ते निव्वळ आळसाने. नाशिकच्या ताईकडून आणि भावाकडून लेखी संमती मी पाचव्या खेपेनंतर घेतली, ती खरं तर तेराव्याच्या आत घ्यायला हवी होती. सगळे एकत्र होते, कोणाच्या मनात काही नव्हतं.

तर दीड लाख. मी म्हटलं, देतो, पण चेकने, आणि पावतीवर "संमतीची रक्कम" असं लिहून द्या. मेहताजींनी पेन खाली ठेवलं. पुढच्या खेपेला आकडा साठ हजारांवर आला. मी पुन्हा पावती मागितली. मग पंचवीस. रक्कम घटत होती, पावतीचं नाव निघालं की मात्र ते पंख्याकडे बघायचे. मधल्या काळात माझं भाडंही घेईनात, मग मी दर महिन्याला मनीऑर्डर करायचो आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून ती परत यायची. त्या परत आलेल्या पावत्या जपून ठेवा. पुढे कोर्टात गेलंच, तर भाडं द्यायला आपण तयार होतो याचा तोच पुरावा.

एकदा वैतागून मी आवाज चढवला. मेहताजी शांतपणे म्हणाले, "९२ रुपयांत तुमच्या मजल्यावरचा एक नळ तरी दुरुस्त होतो का? म्हाडाचे टेकू आहेत म्हणून जिना उभा आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुनर्विकासात मला मिळतील ते किमान ३०० फूट तरी कुठून येणार? बिल्डरला मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्रातून, वरच्या मजल्यांवर कोट्यवधींना विकल्या जाणाऱ्या फ्लॅटमधूनच ना.

आठव्या खेपेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मेहताजी खुशीत होते. ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला होता. मुंबईच्या मालमत्ताधारकांची १९९२ पासूनची याचिका. "तुमचं ते शंभर पट गेलं," म्हणाले. शंभर पट म्हणजे म्हाडा कायद्याचं प्रकरण ८-अ : ७० टक्के रहिवासी एकत्र आले, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मोबदल्यात इमारत त्यांच्या सोसायटीसाठी संपादित होऊ शकते. आमच्या खोलीपुरते ९,२०० रुपये. आमची सोसायटी कधी झालीच नाही, ती गोष्ट वेगळी. मी घरी येऊन निकाल चाळला. घटनेच्या कलम ३९(ब) मधल्या "समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती"त प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप येत नाही, असं बहुमताने म्हटलंय. काही येऊ शकते, हेही म्हटलंय. प्रकरण ८-अ रद्द केलेलं नाही. हे मी दुसऱ्या दिवशी फोन करून मेहताजींना सांगितलं. फोन केल्याचं समाधान मोठं होतं, काम मात्र झालं नाही.

काम झालं ते वकिलाच्या नोटिशीने. दीड पान, ठरावीक भाषा, खाली लघुवाद न्यायालयात दाद मागण्याचा इशारा. आठवड्यात मेहताजींचाच फोन आला. अकरा महिन्यांचं थकलेलं भाडं १,०१२ रुपये, शिवाय "नावबदल खर्च" पाच हजार. त्याचीही गरज नव्हती, हे मला माहीत होतं. तरी दिले. कंटाळलो होतो. चेकने दिले आणि पावती घेतली, एवढीच काय ती वडिलांपेक्षा प्रगती.

पुढल्या महिन्यात पहिल्यांदा माझ्या नावाचं भाडं भरायला गेलो, शंभरची नोट दिली. मेहताजींनी ड्रॉवर उघडून बघितला, सुट्टे नव्हते. पावतीच्या मागे पेन्सिलीने "८ जमा" लिहून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.