१९५९चे जॅझ, बेसच्या मागाने: पहिल्या टप्प्याची नोंद

१९५९ या एका वर्षातले जॅझ ध्वनिमुद्रणाच्या तारखांनुसार क्रमाने ऐकण्याच्या माझ्या उपक्रमाचा पहिला टप्पा पूर्ण झाला आहे. तबकडी बाजारात कधी आली हे बाजूला ठेवून वादक स्टुडिओत कधी जमले होते तेवढे पाहिले, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण निदान एकदा तरी सर्व लक्ष बेसवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, ठेवून ऐकले. हे वर्ष गाजले ते ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनमुळे; परंतु त्या वर्षी नेमके काय बदलले ते बेसमध्ये अधिक स्पष्ट ऐकू येते असे माझे मत झाले आहे, कारण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) स्थिरावल्या, वाढल्या किंवा नाहीशा झाल्या की त्याचा पहिला भार बेसवादकावर येतो.

आरंभ २ मार्चचा. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, एकेकाळी चर्च असलेल्या इमारतीतल्या कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीचे पहिले सत्र केले. ‘सो व्हॉट’ची मूळ धून पॉल चेंबर्स यांचा बेस मांडतो आणि बाकीची वाद्ये त्याला दोन स्वरांत उत्तर देतात. बत्तीस बारांच्या (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) आवर्तनातले पहिले सोळा बार डी डोरियन या स्वरसप्तकात, पुढचे आठ अर्ध्या स्वराने वर आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी, एवढीच त्याची रचना आहे. स्वरांपुरते पाहिले तर डोरियन म्हणजे आपला काफी थाट, त्यामुळे रागसंगीत ऐकलेला कान येथे लवकर स्थिरावतो. मात्र मधल्या आठ बारांत षड्जच सरकल्यासारखे होते, आणि ते सरकणे आधी बेसमध्ये धरता आले की पुढचे सगळे सोलो वेगळे ऐकू येतात. सोळा बार एकाच स्वरसप्तकात चालत राहून कंटाळा येऊ न देणे किती अवघड आहे, ते चेंबर्स यांची चाल कागदावर उतरवू लागल्यावर कळते. सोबत वाजवून पाहणाऱ्यांनी आपली आवृत्ती तपासून घ्यावी: त्या सत्राच्या वेळी टेपयंत्र किंचित मंद चालल्यामुळे पहिल्या बाजूचे स्वर अनेक दशके थोडे चढे ऐकू येत होते, आणि ती दुरुस्ती १९९२च्या आवृत्तीत झाली.

दुसरे सत्र २२ एप्रिलला झाले; त्या दिवशी चेंबर्स यांना चोवीस वर्षे पूर्ण झाली. ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये पाच स्वरसप्तके एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकावर किती काळ थांबायचे ते सोलो वाजवणारा ठरवतो, म्हणजे बेसवादकाने सतत कान देऊन थांबायचे. यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, ४ आणि ५ मे रोजी, हेच चेंबर्स, ‘काइंड ऑफ ब्लू’मध्येही असलेले सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासोबत त्यांच्या ‘जायंट स्टेप्स’ या तबकडीसाठी उभे होते. त्या शीर्षकधुनेत सोळा बारांत सव्वीस कॉर्ड आहेत, मिनिटाला अडीचशेहून अधिक ठोक्यांची लय आहे आणि बी, जी व ई फ्लॅट (कोमल ई) या तीन स्वरांवर मुक्काम सतत हलत राहतो. टॉमी फ्लॅनगन यांच्यासारख्या पट्टीच्या पियानोवादकाचा सोलोही येथे तुटक होतो. कोल्ट्रेन आणि चेंबर्स हे दोघेही इतक्या अल्पावधीत परस्परविरुद्ध टोकांना वाजवत होते, ही गोष्ट तबकड्या प्रकाशनक्रमाने ऐकल्यास लक्षात येणे कठीण आहे, कारण ‘जायंट स्टेप्स’ १९६०मध्ये बाहेर आली. या धुनेवर मी सर्वाधिक वेळ घालवला; गती निम्मी करून ऐकल्यावरच तिन्ही मुक्काम वेगवेगळे ओळखू येऊ लागले.

५ मे हाच चार्ल्स मिंगस यांच्या ‘मिंगस आह अम’च्या पहिल्या सत्राचा दिवस, आणि शहरही न्यूयॉर्कच. दुसरे सत्र १२ मे रोजी झाले. येथे बेसवादकच संगीतकार आणि नायक आहे. १५ मार्चला निधन पावलेले सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्यासाठीची ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही शोकरचना मला या संपूर्ण वर्षातली सर्वांत मोलाची वाटते.

२२ मे रोजी हॉलीवूडमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ ध्वनिमुद्रित केली. त्यात कॉर्ड वाजवणारा पियानो नाहीच. ‘लोनली वुमन’मध्ये बिली हिगिन्स यांचे ड्रम्स द्रुत लयीत धावतात, एकवीस वर्षांचे चार्ली हेडन बेसवर दोन तारा एकत्र छेडत संथ राहतात, आणि धून या दोन्ही लयींच्या वर सैल तरंगते. सम शोधत बसू नये. हेडन यांचा आधार धरावा.

पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांची ‘टाइम आउट’ मला तुलनेने सोपी गेली. १ जुलैला मुद्रित झालेल्या ‘टेक फाइव्ह’चे तीन-दोन विभाग झपतालाची सवय असलेल्या हाताला जड नाहीत. ब्रूबेक यांची चौकडी १९५८च्या दौऱ्यात मुंबईलाही आली होती आणि तेथे ब्रूबेक यांनी सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादन केले होते. मात्र ‘ब्लू रोन्डो आ ला तुर्क’चे दोन-दोन-दोन-तीन हे विभाग त्यांनी तुर्कस्तानातील रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकले होते, हे विसरू नये.

सध्या २ डिसेंबरच्या ‘नाइमा’वर काम चालू आहे. ती ‘जायंट स्टेप्स’मध्येच आहे, पण पियानोवर विंटन केली, ड्रम्सवर जिमी कॉब आणि बेसवर पुन्हा चेंबर्स, म्हणजे डेव्हिस यांच्याकडचीच मंडळी. कॉर्ड वर बदलत राहतात आणि चेंबर्स आधी ई फ्लॅटवर, मधल्या भागात बी फ्लॅटवर स्थिर राहतात. मे महिन्यातल्या धावपळीनंतर त्याच कोल्ट्रेन यांनी बेसला असे एका जागी उभे केले. आता तिच्या वरच्या कॉर्ड एकेक करून उतरवणे सुरू आहे.