एलडीएचचा आकडा आणि चार दिवस

बाबांना स्मॉल सेल प्रकारचा फुप्फुसाचा कर्करोग आहे. बायोप्सी, पेट स्कॅन, पहिल्या दोन केमो, सगळं वेळेत झालं. अडलो ते एका साध्या रक्ततपासणीवर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या केमोआधी एलडीएच आणि एनएसई करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं, की कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेचं लॅक्टेट करत राहतात. वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने ते १९२० च्या दशकात दाखवलं. त्यातली शेवटची पायरी एलडीएच हे एन्झाइम पार पाडतं. एनएसई, म्हणजे एनोलेज या एन्झाइमचा एक प्रकार, तेसुद्धा साखर मोडणाऱ्या साखळीतलंच. उपचारांआधी एलडीएच वाढलेलं असेल तर पुढचा प्रवास अवघड, हे त्यांनी लपवलं नव्हतं. बाबांचं सुरुवातीला ४३०, दोन केमोनंतर २४०. घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट आला: ७९०. एनएसई तिप्पट.

डॉक्टरांची ओपीडी थेट सोमवारी. मी कलेक्शन सेंटरवर गेले. "ताई, मशीनने दिला तोच आकडा आहे." नमुना खराब झाला असेल का? "तसं असतं तर वर लिहून आलं असतं." शुक्रवारी पुन्हा गेले, तर साहेब नव्हते. शनिवारी कळलं की सकाळी नऊला काढलेलं रक्त दुपारी तीनपर्यंत तिथल्याच खोक्यात होतं आणि मग मोटरसायकलवरून शहरात गेलं. सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळं न करता! हे पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? बाबा रोज विचारत, "काय म्हणतंय गं रक्त?" मी म्हणायचे, रिपोर्ट यायचाय.

सोमवारी डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि आधी पोटॅशियम पाहिलं. ५.९. माझी नजर एलडीएचवरून हललीच नव्हती. "लाल पेशी फुटल्यात," ते म्हणाले. या पेशींत पोटॅशियम, एलडीएच आणि एनोलेज भरपूर असतं. त्या फुटल्या की तिन्ही आकडे चढतात. तिथेच पुन्हा रक्त काढलं, तासाभरात सीरम वेगळं केलं. एलडीएच २४६, पोटॅशियम ४.३.

म्हणून सांगते, नमुना हिमोलाइज्ड होता का, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या होत्या का, हे लेखी मागा. रक्त शक्यतो जिथे तपासलं जातं तिथेच द्या, आणि दर वेळी त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येकाची सामान्य मर्यादा वेगळी असते. हो, आणि बर्फ नको. थंडीत एलडीएचचा काही भाग निकामी होतो आणि आकडा खोटा कमी येतो. यकृताचा त्रास किंवा स्नायूंची इजा असली तरी हे वाढतं, तेव्हा एका कागदावरून रात्र जागू नका. मी चार जागले.

तिसरी केमो मंगळवारी झाली. एनएसईचा रिपोर्ट बुधवारी आला, मर्यादेत. तो मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.