पलंगाखालचा वास आणि डावा टेल लाईट

टेल लाईटमध्ये पाणी साचतं म्हणून गाडी आली की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो. सिलिकॉनची ट्यूब घ्यायची, काचेच्या कडेनं गोल फिरवायची, बोटानं दाबायची आणि गाडी सोडायची. या इलाजाचा मला मनापासून राग येतो. तो का, हे मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका गाडीवरून सांगतो.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान वाडीला, अमरावती रोडवर आहे. आजूबाजूला ट्रान्सपोर्टची गोदामं, त्यामुळे आमचं रोजचं काम म्हणजे ट्रकचे सेल्फ, अल्टरनेटर आणि ट्रेलरच्या मागच्या लायटी. मोटरहोम आमच्याकडे क्वचित येते. ही गाडी नागपूरचीच होती, एका निवृत्त जोडप्याची. काका रेल्वेत गार्ड होते. 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काका स्वतःला गार्डच म्हणवतात. काकूंचे गुडघे दुखतात, हॉटेलचे जिने आणि धर्मशाळेचे संडास त्यांना झेपत नाहीत, म्हणून या दोघांनी मोठ्या व्हॅनच्या चॅसिसवर फायबरची बॉडी बांधून घेतली. आत शेगडी, सिंक, छोटंसं बाथरूम, मागे आडवा पलंग आणि पलंगाखाली सामानाचा कप्पा. निवृत्तीचे बरेचसे पैसे या गाडीत गेले आहेत, हे त्यांनी न सांगताही कळत होतं.

सकाळी दुकान उघडताच काका हजर. दुपारी चिखलदऱ्याला निघायचं होतं.

"भाऊ, डाव्या लाईटमध्ये पाणी येऊन राहिलं. दोन जागी सिलिकॉन मारून झालं. चार दिवस बरं राहते, पाऊस आला की पुन्हा तेच."

मी त्यांना आत बसवून एकेक बटण दाबायला लावलं. डावा इंडिकेटर दिला की शेजारचा लाल दिवाही मंद लुकलुकायचा. पार्किंग बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला, तर ब्रेक लाईटचा पत्ता नाही आणि नंबर प्लेटचा दिवा मात्र मिणमिणत पेटायचा. गाडी भुतानं धरल्यासारखी वागायला लागली की समजावं, अर्थिंग गेलं, म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट तुटली. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, 21 वॅटची ब्रेकसाठी आणि 5 वॅटची पार्किंगसाठी, आणि दोघींची अर्थची वायर एकच. ती तुटली की ब्रेकचा करंट परतीची वाट शोधत 5 वॅटच्या तारेतून उलटा शिरतो, पार्किंगच्या लाईनमधून नंबर प्लेटच्या बल्बपर्यंत जातो आणि तिथून अर्थ गाठतो. वाटेत ताकद संपलेली असते, म्हणून सगळं मिणमिणतं. होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला. लाईट चालू असताना तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. तीनच्या वर दाखवत होता.

मग काच काढली. काढली म्हणजे कापूनच काढावी लागली, इतकं सिलिकॉन होतं.

आतलं पाणी मी लगेच ओतून देत नाही, आधी बघतो. पावसाचं किंवा चाकानं उडवलेलं पाणी काचेच्या बाजूनं शिरलं असेल तर ते मळकट राखाडी असतं, तळाला बारीक रेती बसलेली असते. हे पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं, रेतीचा कण नाही. नाकाजवळ नेलं तर ओल्या प्लायवूडचा आंबूस वास. हे पाणी रस्त्यावरून आलेलंच नव्हतं. गाडीच्या भिंतीतून, लाकडाला लागून, मागच्या बाजूनं लाईटच्या डब्यात उतरत होतं. म्हणजे समोरून कितीही सिलिकॉन मारलं तरी ते दार बंद होणार नव्हतं. उलट त्या सिलिकॉननं डब्याच्या तळाचं पाणी निघायचं बारीक भोकही बुजवलं होतं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. बल्ब पेटला की आतली हवा तापते, पावसाचा सपकारा बसला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. भोक मोकळं असेल तर ही ये-जा तिथून होते आणि थोडाफार ओलावाही निघून जातो. थंड सकाळी काचेवर आतून धुकं आलं आणि लाईट लावल्यावर अर्ध्या तासात उडालं, तर त्यात काळजीचं काही नाही. पण डब्यात पाणी उभं राहत असेल, तर ते कुठून तरी येतंय.

मी पाण्याचा वास घेतोय हे काकू गाडीच्या दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "कुबट येते ना? पलंगाखालूनही असाच येते. मी दिवाळीपासून सांगून राहिली. यांचं एकच, बंद गाडी आहे, वास येणारच."

काका गप्प बसले. मी मात्र तिथल्या तिथे पलंगाखालचा कप्पा रिकामा करायला लावला. चादरी, घडीच्या खुर्च्या, गॅसचा छोटा सिलिंडर, सगळं बाहेर. डाव्या कोपऱ्यातला कार्पेट उचलला तर खालचं प्लायवूड काळं पडलेलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते पाव इंच आत गेलं.

आता पाणी शिरतंय कुठून हे शोधायचं होतं, आणि माझ्या लेखी खरं काम हेच. डबा पुसून कोरडा केला, कप्प्याच्या कोपऱ्यात आणि डब्याच्या मागे टिश्यू पेपर चिकटवले. हाताखालच्या पोराला पाण्याचा पाईप दिला. धार मंद, पावसासारखी. वॉशिंगचं प्रेशर कधीच वापरायचं नाही, ते चांगल्या पॅकिंगमधूनही पाणी घुसवतं आणि नसलेली गळती दाखवतं. सुरुवात खालून. वरून पाणी मारलं की सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. आधी बंपर आणि बॉडीचा जोड. पेपर कोरडे. मग टेल लाईट, काच नुसती स्क्रूनं बसवून, सिलिकॉनशिवाय. दहा मिनिटं. कोरडे. काका हे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता, कारण ज्या जागेवर दोनदा पैसे गेले होते ती जागा गळतच नव्हती. मग मागच्या खिडकीचं रबर. मग शिडीचे ब्रॅकेट. तिथे माझा संशय होता, कारण शिडीवर चढउतार झाली की स्क्रू हलतात. पण तिथेही काही नाही.

शेवटी छताच्या कडेला, अगदी वर बसवलेला रिव्हर्स कॅमेरा. धार लावली आणि थांबलो. पोरगा म्हणाला, "उस्ताद, इथं पण काही नाही." मी म्हटलं, हलू नको. थोडा वेळ गेला, आणि डब्याच्या मागच्या पेपरवर वायरीजवळ एक तपकिरी ठिपका उमटला. बघता बघता तो पैशाएवढा झाला.

कॅमेरा गाडी बांधल्यानंतर, बाहेरून बसवून घेतलेला होता. फायबरला सरळ भोक पाडलेलं, वायर आत ढकललेली, ना रबर ना ग्लँड (वायरीभोवती आवळून बसणारं बूच), वरून सिलिकॉनचा गोळा. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसवर जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा आणि फायबर तर हात लावू देत नाहीत. कॅमेऱ्याचा धातू आणि बॉडीचं फायबर एकसारखं फुगत नाही. धूळ न पुसता मारलेला गोळा अशा ओढाताणीत कडेनं सुटतो. सुटलेली फट केसाएवढी होती. पण पाण्याला तेवढी पुरते.

हे पाणी सहा फूट खाली नेमकं डाव्याच लाईटमध्ये कसं आलं? कॅमेऱ्याला करंट हवा फक्त रिव्हर्स टाकल्यावर, म्हणून बसवणाऱ्यानं तो डाव्या टेल लाईटमधल्या रिव्हर्सच्या वायरीतून घेतला होता. वायर छतापासून भिंतीच्या पोकळीतून थेट डब्यात. मधे कुठे झोल नाही. वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोल दिला असता, तर पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकलं असतं. इथे त्याला लाईटच्या डब्यापर्यंत सरळ उतार मिळाला होता, आणि वाटेत प्लायवूड भिजत होतं.

काकांनी विचारलं, "मग एलईडीचा सीलबंद डबा लावून टाकला तर?" बऱ्याच जणांना हे सुचतं. मी नाही म्हटलं. एलईडी चांगलाच, पण इथे तो लावला असता तर लाईट कोरडा दिसला असता आणि सगळं पाणी लाकडात मुरलं असतं. त्या टेल लाईटनं निदान तक्रार तरी केली.

काम सांगतो. डब्यातलं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, कारण सिलिकॉनचा अंशही राहिला तर त्यावर दुसरं काहीच धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर वायरीजवळ आणूच नये, सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तांबं खातं. इथे तेच झालं होतं. वायरीचं आवरण सोललं तर आतल्या तारा हिरव्या-काळ्या, दोन इंच कापलं तरी तशाच. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो, नवीन तुकडे क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडले, वरून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. अर्थची नवीन वायर चॅसिसवर रंग घासून घट्ट केली, वर ग्रीस. मीटर पुन्हा लावला, काटा जेमतेम हलला. तळाचं भोक मोकळं केलं, काचेला नवीन रबरी पॅकिंग दिलं, सिलिकॉन शून्य. वर कॅमेऱ्याखाली ब्यूटाईल टेप, म्हणजे वर्षानुवर्षं मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी, वायरीला खाली तोंड केलेला ग्लँड, कडेनं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. आणि आत, डब्याच्या वर, हातभर झोल.

एवढं होईपर्यंत संध्याकाळ झाली होती. पीयू सीलंट हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू घट्ट होतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. आकाश भरून आलेलं. मी काकांना स्पष्ट सांगितलं, आज निघू नका. परतवाड्याच्या पुढे घाट आहे, त्यात पावसाळी धुकं, आणि मागून येणाऱ्याला तुमच्या गाडीचा तो लाल दिवाच दिसणार आहे.

मला वाटलं होतं कुरकुर होईल. काका म्हणाले, "भाऊ, स्टेशनवरून गाडी गेली तरी शेवटच्या डब्याचा टेल लॅम्प दिसल्याशिवाय ती पूर्ण आली असं धरत नाहीत. अर्धी गाडी मागे सुटली असू शकते. जन्मभर तो दिवा लावला मी. मला काय सांगून राहिला!" आणि काकूंकडे वळून म्हणाले, "तुझा वास खरा निघाला." काकूंनी तोवर चादरी दुकानासमोरच्या दोरीवर पसरायला घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चादरी धुवाव्याच लागतील आता, तुम्हीच धुवा."

गाडी रात्रभर दुकानाच्या शेडमध्ये राहिली, काका-काकू रिक्षानं घरी गेले. सकाळी पुन्हा वरून खालपर्यंत पाणी मारलं, या वेळी प्रत्येक जागी जास्त वेळ. पेपर कोरडे. ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, सगळं आपापल्या जागी, आपापल्या उजेडात. मग ते निघाले.

प्लायवूडचं काम मी केलं नाही. ओल्या लाकडावर नवीन लाकूड ठोकणं म्हणजे कुजवण आत कोंडणं. कार्पेट काढून कप्पा उघडा ठेवा, पावसाळा संपू द्या, मग बॉडीवाल्याकडून तेवढा कोपरा कापून बदला, असं कागदावर लिहून दिलं. त्याच कागदावर हेही लिहिलं की कॅमेऱ्याच्या कडेचं सीलंट दर मे महिन्यानंतर, पहिल्या पावसाच्या आधी, शिडी लावून तपासायचं, आणि गाडीवर नवीन काहीही बसवताना छताला भोक पाडू द्यायचं नाही. काकांना सोलर पॅनल लावायचं आहे. त्याचे ब्रॅकेट भोक न पाडता चिकटवून कसे बसवता येतील, यावर आमचं फोनवर बोलणं चालू आहे.