मार्गरेट स्ट्रीटवरील ऑल सेंट्स चर्च : लंडनच्या दाटीत उभी असलेली एक असामान्य वास्तू

मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांनी विल्यम बटरफिल्ड (1814–1900) यांचे काम नकळत पाहिलेले आहे. त्या चर्चचा आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा असला, तरी आतील सजावटीची संकल्पना करण्यात बटरफिल्ड यांचा मोठा वाटा होता. लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा याच वास्तुविशारदाची सर्वांत महत्त्वाची मानली जाणारी इमारत निवांतपणे पाहायची, असे आम्ही आधीच ठरवले होते. ती इमारत म्हणजे मार्गरेट स्ट्रीटवरील ऑल सेंट्स हे पॅरिश (एका ठरावीक वस्तीचे) चर्च. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत ते पहिल्या श्रेणीत आहे. आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशांच्या कार्यक्रमात त्याचे नाव फारसे दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑक्सफर्ड सर्कस या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडून रीजंट स्ट्रीटने थोडे उत्तरेकडे जावे आणि उजवीकडे मार्गरेट स्ट्रीटवर वळावे; काही मिनिटांत चर्च येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रीजंट स्ट्रीटच्या टोकाला लँगहॅम प्लेस येथे ऑल सोल्स नावाचे, गोलाकार स्तंभमंडप असलेले दुसरे प्रसिद्ध चर्च आहे. ते वास्तुविशारद जॉन नॅश यांचे असून त्याची शैली आणि काळ दोन्ही वेगळे आहेत. नावांच्या साधर्म्यामुळे टॅक्सीचालकाला किंवा वाटेत कोणाला विचारताना रस्त्याचे नाव अवश्य सांगावे. ऑल सेंट्सचा 227 फूट उंचीचा निमुळता मनोरा लांबून दिसतो खरा, पण जवळ आल्यावर भोवतालच्या इमारतींमुळे तो दृष्टीआड होतो आणि नजर रस्त्याच्या पातळीवरील कमानीच्या दारावरच ठेवावी लागते.

या दारातून आत गेल्यावर एक लहानसे अंगण लागते. जुन्या पुण्यातील वाड्याच्या चौकात आल्यासारखे येथे वाटते, कारण तिन्ही बाजूंनी इमारती अंगावर येतात: समोर चर्च, आणि दोन्ही कडांना धर्मगुरूंचे निवासस्थान व गायक मुलांच्या जुन्या शाळेची इमारत. ही शाळा 1968 मध्ये बंद झाली. सारा भूखंड जेमतेम शंभर फूट लांब-रुंद आहे. येथे पूर्वी मार्गरेट चॅपल नावाचे प्रार्थनागृह होते, आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये प्राचीन उपासनाविधी पुन्हा रुजवू पाहणाऱ्या मंडळींचे ते एक केंद्र बनले होते. या विचारांच्या लोकांना एक आदर्श चर्च उभारायचे होते आणि त्यासाठी मिळाली ती हीच दाटीवाटीची जागा. याच मंडळींचे एक नेते, धर्मपंडित एडवर्ड पुसी यांनी नोव्हेंबर 1850 मध्ये कोनशिला बसवली, राजकारणी व चर्चबांधणीचे पुरस्कर्ते अलेक्झांडर बेरेसफर्ड होप यांनी प्रकल्पाची देखरेख केली, आणि 28 मे 1859 रोजी चर्च उपासनेसाठी समर्पित झाले. जमिनीसह एकूण खर्च सुमारे 70,000 पौंड आला. त्या काळी एका पॅरिश चर्चसाठी ही फार मोठी रक्कम होती.

अंगणात थांबून बाहेरच्या भिंती पाहाव्यात. लालसर विटांमध्ये काळ्या विटांचे आडवे पट्टे आणि मधूनमधून दगडाच्या पट्ट्या आहेत. हा रंग वरून लावलेला नाही. तो बांधकामाचाच भाग आहे. गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचे चर्च म्हणजे करड्या दगडाचे, असा तेव्हाचा दृढ समज होता. तो बाजूला सारून बटरफिल्ड यांनी लंडनच्या नेहमीच्या वापरातील विटेला मान दिला, आणि इंग्लंडमधील पुढच्या पिढीच्या चर्चबांधणीवर त्याचा खोल परिणाम झाला.

आत पाऊल टाकल्यावर पहिली काही मिनिटे फारसे काहीच दिसत नाही. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी आणि मागच्या एखाद्या खुर्चीवर स्वस्थ बसावे. हळूहळू तांबड्या ग्रॅनाईटचे गुळगुळीत खांब, त्यांच्या माथ्यावर अलाबास्टर या मऊ, फिकट दगडात कोरलेली पाने, कमानींच्या वरच्या भागात जडावाने केलेल्या भौमितिक आकृत्या, असे एकेक समोर येऊ लागते. मुख्य दालनाला तीनच कमानी आहेत. लांबी वाढवायला जागा नव्हती, म्हणून सगळी भव्यता उंचीत शोधलेली आहे.

या चर्चमधील बरीच सजावट जागेच्या अडचणीतून जन्मली आहे, असे माझे मत झाले. एरवी अशा चर्चमध्ये वेदीच्या मागे, पूर्वेच्या भिंतीत मोठी रंगीत काचेची खिडकी असते. येथे पलीकडे शेजारची घरे असल्याने खिडकी ठेवणे शक्यच नव्हते. बटरफिल्ड यांनी ती सगळी भिंत चित्रांसाठी मोकळी ठेवली आणि चित्रकार विल्यम डाइस यांनी तेथे संतांच्या रांगा रंगवल्या. ती चित्रे लवकर खराब झाली, तेव्हा 1909 मध्ये वास्तुविशारद निनियन कॉम्पर यांनी नव्या फळ्यांवर ती पुन्हा रंगवली. आज दिसतात ती हीच. सोनेरी पार्श्वभूमीवरील या आकृत्यांसमोर, वेदीच्या वर टांगलेले, पवित्र भाकर ठेवण्याचे चांदीचे पात्रही कॉम्पर यांनीच योजलेले आहे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या येथील गायकांच्या स्मरणार्थ ते अर्पण करण्यात आले. त्या पात्रावरून नजर खाली आणून गाभाऱ्याच्या तोंडाशी असलेली अलाबास्टरची बुटकी भिंत जरूर पाहावी. रंगीत संगमरवराची तिच्यावरील कारागिरी अत्यंत काटेकोर आहे, आणि ती बुटकी असल्यामुळेच वेदीपर्यंतचे दृश्य कोठेही अडत नाही.

उत्तरेच्या भिंतीचीही तीच कथा आहे. तेथेही खिडक्या नाहीत, म्हणून 1873 मध्ये अलेक्झांडर गिब्ज यांनी ती संपूर्ण भिंत चित्रित टाइल्सनी मढवली. मध्यभागी येशूच्या जन्माचा प्रसंग आहे आणि दोन्ही बाजूंना धर्मपुरुषांच्या उभ्या आकृत्या आहेत. अभ्यासक या आकृत्यांच्या रेखाटनाला फार श्रेष्ठ मानतीलच असे नाही, आणि मलाही डाइस–कॉम्पर यांची रेषा अधिक प्रगल्भ वाटली. तरीही एका आंधळ्या भिंतीला बोलके करण्याचा हा प्रयत्न मनाला भिडतो. पश्चिमेची मोठी खिडकीही गिब्ज यांचीच, 1877 सालची. येशूची वंशावळ वृक्षाच्या रूपात दाखवणारी तिची रचना इंग्लंडमधील वेल्स (Wells) या गावाच्या कॅथीड्रलमधील मध्ययुगीन खिडकीवर आधारलेली आहे.

प्रवचनपीठासाठी मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि इतरांनीही द्यावा. निरनिराळ्या रंगांचे संगमरवर जोडून केलेले हे पीठ बटरफिल्ड यांच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना आहे: चित्र नाही, मूर्ती नाही, केवळ दगडांचे नैसर्गिक रंग आणि रेखीव आकार. नैर्ऋत्य कोपऱ्यात बाप्तिस्म्याचे संगमरवरी कुंड आहे. तेथे मान वर करून छत पाहायला विसरू नये, कारण पिलांना स्वतःच्या रक्तावर जगवणाऱ्या पेलिकन या पाणपक्ष्याचे ख्रिस्ती प्रतीक तेथे आहे. गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेला हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीचा 1910 चा ऑर्गन मोठ्या नावाजलेल्या वाद्यांपैकी आहे. ज्यांना संगीताची आवड आहे, त्यांनी शक्य असेल तर रविवारची गायनासह होणारी उपासना ऐकावी. धूप, स्वर आणि रंगीत भिंती एकत्र अनुभवल्याशिवाय ही वास्तू कशासाठी बांधली गेली, ते पूर्ण उमजत नाही.

आता काही व्यावहारिक सूचना. प्रवेशासाठी शुल्क नाही. देखभालीसाठी दानपेटीत यथाशक्ती रक्कम टाकावी. हे संग्रहालय नसून रोज उपासना चालणारे चर्च आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी चर्चच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या उपासनेच्या वेळा पाहाव्यात आणि त्या टाळून फिरावे. बूट काढावे लागत नाहीत, पुरुषांनी मात्र टोपी काढावी. उपासना चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत, आणि एरवीही फ्लॅश वापरू नये. आतील प्रकाश मंद असल्याने स्वच्छ उन्हाचा दिवस निवडावा. दक्षिणेच्या व वरच्या खिडक्यांसाठी दुपार बरी, तर पश्चिमेची खिडकी दुपार कलल्यावर खुलते. हिवाळ्यात मात्र लंडनमध्ये चारच्या सुमारास अंधारते, हे लक्षात ठेवावे. लहान दुर्बीण जवळ असेल तर वेदीमागच्या वरच्या रांगांमधील चेहरे नीट पाहता येतात. एक तास हाताशी ठेवावा. घाईने येऊन गेल्यास अंधाराखेरीज फारसे काही लक्षात राहणार नाही.

वेळ उरल्यास चालत जाण्याच्या अंतरावरील फिट्झरोव्हिया चॅपल पाहावे. पाडून टाकलेल्या मिडलसेक्स रुग्णालयाचे हे प्रार्थनागृह जॉन लॉफबरो पीअरसन यांनी योजले होते, आणि सोनेरी मोझेइकचे (बारीक तुकडे जडवून केलेल्या कामाचे) त्याचे छत ऑल सेंट्सच्या विटा-दगडांनंतर पाहिले की व्हिक्टोरियन काळातील दोन भिन्न अभिरुची लगेच ध्यानात येतात. तेथे खासगी समारंभ होत असल्याने ते सर्वांसाठी रोज खुले नसते. म्हणून खुले असण्याचा दिवस आधी पाहून घ्यावा आणि ऑल सेंट्सची भेटही त्याच दिवशी ठरवावी.